‘पाकीजा’ची गाणी सगळ्यांना पाठ, गुलाम मोहम्मद किती जणांना आठवतात?

‘पाकीजा’ म्हटलं की आपल्या घरांत आधी मीनाकुमारी आठवते, मग लताबाईंचा आवाज, मग कमाल अमरोही. संगीत कुणाचं असं विचारलं तर बरेच जण नौशाद यांचं नाव घेतात. नौशादसाहेबांचा त्यात वाटा आहेच, पण गाजलेली गाणी गुलाम मोहम्मद यांची. ती लोकांच्या ओठांवर आली तेव्हा ते या दुनियेत नव्हते.

गुलाम मोहम्मद मूळचे राजस्थानातल्या बिकानेरकडचे. वालिद नबी बख्श तबलावादक, त्यामुळे तालाची तालीम घरातच झाली. लहान वयात नाटक कंपनीत उमेदवारी केली आणि 1924 मध्ये मुंबई गाठली. इथे अनेक वर्षं काम शोधण्यातच गेली. पुढे नौशाद यांचे सहायक म्हणून ते स्थिरावले. ‘रतन’पासून ‘आन’पर्यंतच्या त्या काळातल्या ठेक्यांमागे त्यांचा हात होता. ढोलक आणि मटका सिनेमाच्या गाण्यांत त्यांनी ज्या झोकात वाजवला, तसा त्याआधी क्वचितच ऐकू आला असेल.

स्वतंत्र संगीतकार म्हणून ‘परदेस’, ‘अंबर’, ‘दिल-ए-नादान’, ‘लैला मजनू’, ‘शमा’ असे बरेच चित्रपट त्यांनी केले. पण त्यांची खरी उंची आम्हाला 1954 च्या ‘मिर्झा गालिब’मध्ये दिसते. गालिबच्या गझला सुरैयाकडून गाऊन घेताना त्यांनी शब्दांवर वाद्यांचं ओझं टाकलं नाही. शेर आधी कळतो, चाल नंतर लक्षात येते. सोहराब मोदींच्या या चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. तरीही गुलाम मोहम्मद यांच्या दारात निर्मात्यांची रांग काही लागली नाही.

‘पाकीजा’चं काम 1956 च्या सुमारास सुरू झालं. कमाल अमरोही आणि मीनाकुमारी वेगळे झाले आणि 1964 मध्ये चित्रीकरण थांबलं. गाणी तयार होती, चित्रपट अर्धवट. 17 मार्च 1968 रोजी गुलाम मोहम्मद यांचा इंतकाल झाला. चित्रीकरण पुन्हा सुरू झालं ते 1969 मध्ये. पार्श्वसंगीत आणि उरलेल्या काही ठुमऱ्या नौशाद यांनी पूर्ण केल्या. मधल्या काळात सिनेसंगीताची चाल पार बदलली होती, पण कमाल अमरोहींनी जुनी गाणी काढून नवी घातली नाहीत. हे त्यांचं इमान आम्हाला मोठं वाटतं.

4 फेब्रुवारी 1972 ला मुंबईच्या मराठा मंदिरात ‘पाकीजा’ लागला. 31 मार्चला मीनाकुमारीही गेली, आणि मग थिएटरांत गर्दी मावेना. कोठ्यावरच्या एका गाण्याच्या शेवटी वाजणारी आगगाडीची शिट्टी आजही अंगावर काटा आणते.

पुढच्या वर्षी फिल्मफेअरच्या संगीताच्या पुरस्कारासाठी नामांकन झालं, पण बक्षीस शंकर-जयकिशन यांच्या ‘बेईमान’ला गेलं. ‘पाकीजा’ला मिळालं ते फक्त कलादिग्दर्शनाचं, एन. बी. कुलकर्णी यांना. ‘बेईमान’साठीच सहायक अभिनेत्याचा पुरस्कार मिळालेल्या प्राणसाहेबांनी मात्र तो घ्यायला नकार दिला. संगीताचा मान गुलाम मोहम्मद यांचा होता, असं त्यांचं म्हणणं. स्वतःच्याच चित्रपटाच्या विरोधात आणि गेलेल्या माणसासाठी असं उभं राहणं सोपं नाही. या इंडस्ट्रीत तर नाहीच.

चित्रपटात जागा न मिळालेली गाणी मागे उरली होती. 1977 मध्ये एचएमव्हीने ‘पाकीजा रंग बा रंग’ नावाने त्यांची वेगळी एलपी काढली. लता, रफी, शमशाद बेगम, सुमन कल्याणपूर, शोभा गुर्टू असे आवाज त्यात आहेत. आमच्या मते त्यातली दोन-तीन गाणी चित्रपटातल्या गाण्यांच्या तोडीची आहेत. आज ती नेटवर सहज सापडतात. रफीसाहेबांचं आधी ऐका.