अर्थतज्ज्ञ बाबासाहेब : पाटी-पेन्सिलीपासून रोजी-रोटीपर्यंत

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव घेतले की आपल्या डोळ्यांपुढे महाडचे चवदार तळे येते, नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह येतो, भारताची राज्यघटना येते आणि नागपूरची दीक्षाभूमी येते. ते योग्यच आहे. पण बाबासाहेब मुळात अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते, ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. माणूस शिकला आणि हाताला काम मिळालं नाही, तर त्याचं शिक्षण अर्धवट राहतं. काम मिळालं, पण देशात उद्योगधंदा वाढला नाही, तर ते काम चार घरांपुरतंच राहतं. हा सारा हिशेब बाबासाहेबांनी आयुष्यभर मांडला. आज आपल्या वस्त्यांमध्ये घरटी एखादा पदवीधर सापडतो, पण त्यातल्या कितीतरी पोरांच्या हाताला काम नाही. म्हणून बाबासाहेबांच्या जीवनाकडे या बाजूने पाहणे फार गरजेचे आहे.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. मूळ गाव कोकणातले आंबडवे. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करात होते आणि लष्करी शाळेत त्यांनी अनेक वर्षे मास्तरकी केली. त्या काळी पलटणीतल्या शिपायांच्या मुलामुलींना शाळेत जावेच लागे. खेड्यातल्या आपल्या माणसाला अक्षर दिसत नव्हतं, तेव्हा लष्करातल्या नोकरीमुळे या घरात अक्षर आलं. पुढे १८९२ च्या सुमारास इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली आणि नोकरीबरोबर शिक्षणाची ही वाटही बंद झाली. रोजी गेली की शाळाही जाते, हा धडा बाबासाहेबांच्या समोरच घडला होता.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीवाचे नाव दाखल झाले. वर्गाबाहेर बसून, तहान मारून तो शिकला. पुढे मुंबईत परळच्या चाळीतल्या एका खोलीत सगळं कुटुंब राहायचं. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना भगवान बुद्धांचे चरित्र भेट दिले. गुरुजींच्याच खटपटीने बडोद्याचे सयाजीराव महाराज गायकवाड यांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ साली बी.ए. झाले. त्याच वर्षी वडील वारले आणि त्याच वर्षी जुलै महिन्यात बाबासाहेब अमेरिकेत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. बडोदा सरकारची शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची. त्यातून काटकसर करून त्यांनी पुस्तकं घेतली. १९१५ साली एम.ए. झाले. भारताच्या सरकारी जमाखर्चावरचा त्यांचा प्रबंध पुढे पुस्तकरूपाने निघाला आणि त्यावर त्यांना पीएच.डी. मिळाली. १९१६ साली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली शिक्षण अर्धे टाकून परतावे लागले.

परत आल्यावर करारानुसार बडोद्यात मोठ्या हुद्द्याची नोकरी मिळाली. पण राहायला घर कोणी देईना. कचेरीतला शिपाई फाईल लांबून टाकायचा. पारशी धर्मशाळेतून बाहेर काढल्यावर बाबासाहेबांनी बडोदे सोडले. अमेरिकेतून शिकून आलेल्या माणसाची ही गत, तर खेड्यातल्या चौथी पास पोराचं काय? पदवी पदरात पडली म्हणजे नोकरी टिकतेच असं नाही, हे त्यांनी स्वतःच्या अंगावर झेललं.

१९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर एक निबंध प्रसिद्ध केला. तो आपल्या जिल्ह्यातल्या माणसाने तर जरूर समजून घ्यावा. जमिनीचे तुकडे पडले म्हणून शेतकरी गरीब झाला, तेव्हा तुकडे एकत्र करा, असे त्या वेळी बरेच विद्वान सांगत होते. बाबासाहेबांनी दुसरी बाजू दाखवली. जमीन लहान की मोठी हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, तिच्यावर किती भांडवल, किती अवजारं आणि किती हात लागतात यावर ठरतं. आपल्याकडे अवजारं आणि भांडवल कमी, आणि हात मात्र गरजेपेक्षा फार जास्त. एका शेतावर दोघांचं काम असताना पाच जण राबतात. ते कामाला लागलेले दिसतात, पण खरे पाहता त्यातले तिघे रिकामेच असतात. त्यांना गिरण्या-कारखान्यांत काम मिळालं, तरच शेतीवरचा भार हलका होईल. म्हणून शेतीच्या दुखण्यावरचं औषध उद्योगधंद्यात आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

पुढे ३६ वर्षांनी, १९५४ साली, वेस्ट इंडीजमधले कृष्णवर्णीय अर्थतज्ज्ञ आर्थर लेविस यांनी गरीब देशांच्या शेतीतल्या जादा मजुरांविषयी आपला प्रसिद्ध सिद्धांत मांडला आणि १९७९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे लेविसही लंडन स्कूलमध्येच शिकलेले. गुलामांचे वंशज आणि अस्पृश्यांचा पुत्र, दोघांनाही गरिबीचं मूळ शोधताना रिकाम्या हातांचा प्रश्न दिसला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

१९२० साली बाबासाहेब अर्धे राहिलेले शिक्षण पुरे करायला पुन्हा लंडनला गेले. स्वतःची बचत, राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि पारशी मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेलं कर्ज, यावर ते गेले. इकडे माता रमाईने पै-पैशात संसार ओढला. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डी.एस्सी. ही पदवी मिळाली. बॅरिस्टरही झाले. १९२५ साली नेमलेल्या चलनविषयक शाही आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. याच आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि पुढे १९३५ साली रिझर्व्ह बँक सुरू झाली.

एवढी विद्या घेतलेल्या माणसाने मनात आणलं असतं, तर बंगला, गाडी, सरकारी हुद्दा सगळं मिळालं असतं. बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि या सभेचे पहिले वसतिगृह ४ जानेवारी १९२५ रोजी आपल्या शेजारच्या सोलापुरात सुरू झाले. आधी वसतिगृह का? कारण खेड्यातल्या पोराला शाळा लांब आणि पोटाला भाकर नाही. राहण्या-जेवणाची सोय झाल्याशिवाय पोरगा शाळेत टिकत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. १९२७ साली मुंबई कौन्सिलात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना त्यांनी दाखवून दिले की पहिलीत आलेल्या शंभर मुलांपैकी फक्त अठरा मुलं चौथीपर्यंत पोचतात. बाकीच्यांवरचा खर्च पाण्यात गेला, कारण अक्षरओळख पक्की व्हायच्या आतच ती शाळेबाहेर पडली. सरकार दारूच्या करातून लोकांकडून जेवढं वसूल करतं, निदान तेवढं तरी शाळांवर खर्च करावं, अशी त्यांची मागणी होती.

कामाच्या बाबतीतही त्यांनी जातीची भिंत कुठे उभी आहे ते नेमकं दाखवलं. गिरणीत आपल्या माणसांना कमी मजुरीच्या खात्यात घेत, पण जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. तिथे धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडचा विटाळ सवर्ण कामगारांना चालत नसे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न धसाला लावला. मजुरांच्या एकीत जातीमुळे कुणाची भाकरी मारली जाऊ नये, असं त्यांचं सांगणं होतं.

आता आपल्या जिल्ह्याची गोष्ट. २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली. बाबासाहेब स्वतः आले. गावच्या शाळेच्या इमारतीत त्यांचा मुक्काम झाला आणि त्या इमारतीला लोक आजही तीर्थासारखं मानतात. महार आणि मांग हे दोन्ही समाज एका मांडवाखाली आले, ही त्या परिषदेची मोठी कमाई. पण विषय काय होता? विषय होता वतन. थोडीशी जमीन आणि बलुत्याचं धान्य याच्या बदल्यात अख्ख्या घराने रात्रंदिवस सरकारची आणि गावाची चाकरी करायची. मयताचा निरोप पोचवा, साहेबाचं सामान वाहा, मेलेलं जनावर ओढा. कामाला वेळ नाही, पगाराचा ठिकाणा नाही. भाऊबंदकीत वाटण्या होऊन जमिनीचा तुकडा पुसट होत गेला, पण चाकरी मात्र तेवढीच राहिली. त्यात सरकारने वतनी जमिनीवरची जुडी वाढवली, म्हणून हरेगाव, तडवळे, सिन्नर अशा ठिकाणी परिषदा भरल्या.

बाबासाहेबांनी १९२८ सालीच कौन्सिलात महार वतनाचे बिल आणले होते. जमीन वतनदाराच्या नावे पूर्ण सारा घेऊन करा, आणि काम करून घ्यायचं असेल तर रोख पगार द्या, असा त्याचा गाभा होता. म्हणजे चाकरीची नोकरी करा. त्या वेळी आपल्यातल्याच काही जुन्या माणसांना वाटायचं, वतन गेलं तर खायचं काय? बाबासाहेबांना दिसत होतं की हीच वतनाची बेडी पोराला गावाला बांधून ठेवते, शाळेत जाऊ देत नाही, शहरात कामाला जाऊ देत नाही. बिल तेव्हा पास झालं नाही. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५८ साली झाला.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. आयुष्यभर मांडलेला हिशेब अमलात आणायची संधी आली. १९४३ साली केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखल्या गेल्या. १९४४ साली मॅट्रिकनंतरच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपली मुलं-मुली महाडीबीटीवर जो भारत सरकारच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भरतात, तिची सुरुवात ही. १९४५ साली त्यांच्याच खात्यात एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजची व्यवस्था उभी राहिली. कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ साली झाली. दामोदर आणि हिराकुड धरणांच्या योजना, वीज आणि पाणी यांची केंद्रीय मंडळं, ही कामंही त्याच काळातली. वीज आणि पाणी असल्याशिवाय कारखाना नाही, आणि कारखान्याशिवाय रिकाम्या हातांना काम नाही. १९१८ च्या निबंधातला विचार इथे प्रत्यक्षात उतरलेला दिसतो.

८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघाले. नोकरी करणाऱ्या गरीब मुलांना शिकता यावं म्हणून तिथे सकाळचे वर्ग ठेवले. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. पदवी घ्यायची तर हैदराबाद गाठावं लागे आणि तिथल्या विद्यापीठाची भाषा उर्दू. अशा मुलखात १९५० साली औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) बाबासाहेबांनी कॉलेज काढलं. तेच आपलं मिलिंद महाविद्यालय. नागसेनवनात शिकलेल्या किती जणांमुळे मराठवाड्यातली किती घरं उभी राहिली, हे प्रत्येकाने आपल्या नात्यागोत्यात मोजून पाहावं.

राज्यघटना लिहितानाही हा हिशेब सुटला नाही. कामाचा आणि शिक्षणाचा हक्क, चौदा वर्षांपर्यंत मोफत व सक्तीचे शिक्षण, दुर्बल घटकांच्या शैक्षणिक व आर्थिक हिताची जपणूक या गोष्टी ४१, ४५ आणि ४६ या कलमांत आल्या. मूळ मसुद्यापूर्वी १९४७ साली सादर केलेल्या निवेदनात तर त्यांनी मोठे उद्योग आणि शेतजमीन सरकारच्या मालकीची असावी, जमीन जात न पाहता कसायला द्यावी, इथपर्यंत मागणी केली होती. ती मान्य झाली नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

बंधु-भगिनींनो, २०१८ साली केंद्र सरकारने देशातल्या मागे राहिलेल्या जिल्ह्यांची यादी केली, तीत महाराष्ट्राचे चार जिल्हे आले आणि त्यात आपला धाराशिव आहे. दिवाळी झाली की आजही कितीतरी कुटुंबं कोयता घेऊन कारखान्यांवर जातात आणि त्यांच्याबरोबर शाळेतली पोरंही जातात. शंभरातले अठरा हा १९२७ चा आकडा आता राहिला नाही, हे खरं. पण शाळा मध्येच सुटते आहे आणि पदवी हातात घेतलेला पोरगा नाक्यावर उभा आहे, हेही खरं आहे. बाबासाहेबांनी वसतिगृह, शिष्यवृत्ती, नोकरी आणि उद्योग या चार गोष्टी एका दोरीत ओवल्या होत्या. आपण मात्र पहिल्या गाठीवरच थांबलो.

सरकारकडे मागायचं ते मागितलंच पाहिजे. पण विहारात संध्याकाळी दोन तास अभ्यासिका चालवणं, ऊसतोडीला गेलेल्या घरची पोरं चार महिने आपल्याकडे ठेवून घेणं, शिष्यवृत्तीचा आणि आयटीआयचा फॉर्म मुदतीत भरून देणं, आणि नोकरीला लागलेल्या प्रत्येकाने वस्तीतल्या एका मुलाचा किंवा मुलीचा खर्च उचलणं, एवढं आपल्या हातात आहे. सोलापूरचं ते वसतिगृहही असंच थोड्या मुलांपासून सुरू झालं होतं.

जयभीम! नमो बुद्धाय!