चार तारा की पाच? बास गिटारला आकार देणाऱ्या लिओ फेंडर यांची गोष्ट

गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा असो की गोव्यातल्या लग्नातला बँड, बास गिटार वाजवायला घेणाऱ्या पोरापुढे दुकानात पहिला प्रश्न एकच उभा राहतो. चार तारांचा घ्यायचा की पाच? चारवाला स्वस्त, हलका, शिकायला सोपा. पाचवाला भारी दिसतो, मोठे वादक तोच वाजवतात असं कुणीतरी सांगितलेलं असतं. खिशातले पैसे मात्र एकाच वाद्यापुरते असतात.

या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर अमेरिकेतल्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाचं आयुष्य बघावं लागतं. चार तारांचा बास गिटार जगभर रुजवला तो त्यांनी. पाच तारांचा बास पहिल्यांदा बाजारात आणला तो त्यांच्या नावाच्या कंपनीने, आणि तो सपशेल पडला. पुढे म्हातारपणी त्यांनी पुन्हा पाच तारांचा बास केला, पण या वेळी पाचवी तार दुसऱ्या बाजूला होती. त्यांचं नाव क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर. जग त्यांना लिओ फेंडर म्हणून ओळखतं. गंमत अशी की त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती.

संत्र्याच्या बागेतला मुलगा

लिओ यांचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी कॅलिफोर्नियात, ॲनाहाइम आणि फुलरटन या गावांच्या परिसरात झाला. आईवडिलांची संत्र्याची बाग होती. आठव्या वर्षी डोळ्यात गाठ झाली आणि एक डोळा काढावा लागला. तिथे काचेचा डोळा बसवला, तो जन्मभर राहिला.

लहानपणी पियानो आणि सॅक्सोफोन शिकून झाले, पण जीव रमला तो विजेच्या वस्तूंत. एका मामांचं मोटारींच्या इलेक्ट्रिक कामाचं दुकान होतं. त्यांनी पाठवलेल्या सुट्या भागांच्या खोक्याने आणि त्यांच्या दुकानातल्या मोठ्या आवाजाच्या रेडिओने या मुलाला वेड लावलं. शिक्षण मात्र हिशेबाचं घेतलं. लग्न झालं, नोकरी लागली, आणि मंदीच्या काळात ती गेलीही. १९३८ मध्ये ६०० डॉलर उसने घेऊन त्यांनी फुलरटनमध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. पत्नी एस्थर टेलिफोन कंपनीत नोकरीला होत्या. सुरुवातीच्या ओढाताणीच्या वर्षांत घर चाललं ते बरंचसं त्यांच्या पगारावर.

दुकानात रेडिओबरोबर वादकांचे ॲम्प्लिफायर दुरुस्तीला येऊ लागले. काय बिघडतं, कुठे आवाज फाटतो, मंचावर काय अडतं, हे वादक सांगत आणि लिओ ऐकत. स्वतः वाजवता येत नसल्यामुळे विचारल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. बनवलेली वस्तू ते वादकाच्या हातात देत, आठवड्याने परत घेत, त्याच्या तक्रारी ऐकून पुन्हा उघडत. पुढची पन्नास वर्षं काम याच पद्धतीने चाललं.

सहा फुटी वाद्याची अडचण

१९४०च्या दशकात खर्जाचं काम डबल बास करत असे. माणसाएवढं उंच, व्हायोलिनच्या घराण्यातलं हे वाद्य. गाडीच्या टपावर बांधून न्यायचं, मंचावर उभं राहून वाजवायचं, आणि ड्रम व इलेक्ट्रिक गिटार सुरू झाले की ते कुणाला ऐकूच येत नसे. शिवाय त्याच्या पट्टीवर पडदे नसतात. बोट जरा सरकलं की सूर हलला.

विजेवर चालणारा, आडवा धरून वाजवायचा बास करण्याचा प्रयत्न सिएटलच्या पॉल टुटमार्क यांनी १९३०च्या दशकातच केला होता. तो पसरला नाही. लिओ यांनी १९५१ मध्ये जे वाद्य आणलं ते पसरलं. त्याचं नाव प्रिसिजन बास. नावातच त्याचा गुण होता. पट्टीवर २० पडदे बसवलेले, त्यामुळे बोट ठेवलं की सूर नेमका तिथेच. वेगवेगळ्या लांब्या तपासून तारेची लांबी ३४ इंच ठरवली गेली. आज पाऊणशे वर्षांनीही बहुतेक बास गिटारींची लांबी तीच आहे.

तारा चारच ठेवल्या. कारण सरळ होतं. डबल बासला चार तारा होत्या, खालून वर ई, ए, डी, जी अशा लावलेल्या. डबल बासवाल्याला नवीन काही शिकावं लागू नये. गिटारवाल्यालाही अवघड जाऊ नये, कारण गिटारच्या खालच्या चार ताराही याच नावाच्या, फक्त एक सप्तक वर. म्हणजे चार हा आकडा कुणाच्या डोक्यातून निघाला नव्हता. ज्यांनी वाजवायचं त्यांच्या हाताच्या सवयीतून तो आला होता. दुसऱ्याच वर्षी या वाद्यासाठी बासमन नावाचा वेगळा ॲम्प्लिफायर आला. लायोनेल हॅम्प्टन यांच्या बँडमधल्या मंक माँटगोमेरी यांनी फेंडर बास मंचावर नेला आणि जॅझवाल्यांच्या भुवया उंचावल्या. १९६० मध्ये बारीक मानेचा जॅझ बास आला. तोही चार तारांचाच.

या चार तारांत किती संगीत मावतं हे डेट्रॉइटमध्ये जेम्स जेमर्सन यांनी दाखवून दिलं. मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांत त्यांचा प्रिसिजन बास आहे. उजव्या हाताचं एकच बोट, आणि तारा तुटल्याशिवाय बदलायच्या नाहीत असा त्यांचा खाक्या. अनेक वर्षं ध्वनिमुद्रिकांवर त्यांचं नावही छापलं गेलं नाही. पण बास शिकणारा प्रत्येक जण आजही त्यांच्याच चाली गिरवतो.

आजारपण, विक्री आणि फसलेली पाचवी तार

१९५०च्या दशकाच्या मध्यापासून लिओ यांना सायनसच्या जंतुसंसर्गाने पछाडलं होतं. औषधं लागू पडेनात. कारखाना वाढत होता, स्ट्रॅटोकास्टरसारख्या गिटारींना मागणी होती, आणि मालकाला वाटत होतं की आपले दिवस भरत आले. आपल्या मागे पसारा अडकून पडायला नको, म्हणून त्यांनी कंपनी विकायला काढली. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या बड्या प्रसारण कंपनीने ती १३ दशलक्ष डॉलरना घेतली. त्यानंतर डॉक्टर बदलला आणि लिओ खडखडीत बरे झाले. आजार गेला, पण कारखानाही गेला होता. करारामुळे दहा वर्षं त्याच धंद्यात स्वतंत्रपणे उतरता येत नव्हतं. जिथे आपलं नाव दारावर आहे तिथे ते सल्लागार म्हणून राहिले.

त्याच १९६५ साली फेंडर बास व्ही बाजारात आला. पाच तारांचा हा पहिला इलेक्ट्रिक बास. नेहमीच्या चार तारांच्या वर एक बारीक, उंच सुराची सी तार जोडलेली. तारा वाढल्या, पण पडदे २० वरून १५ वर आणले होते.

इथे एक साधा हिशेब करून बघण्यासारखा आहे. चार तारांच्या बासवर सगळ्यात उंच सूर मिळतो जी तारेच्या विसाव्या पडद्यावर. पाच तारांच्या या वाद्यावर तो मिळतो सी तारेच्या पंधराव्या पडद्यावर. दोन्ही ठिकाणी सूर एकच, कोमल ई. खालची ई तारही दोन्हीकडे तीच. म्हणजे तार एक वाढली आणि नवा सूर एकही मिळाला नाही! फायदा एवढाच की डाव्या हाताला मानेवर फार वर-खाली पळावं लागत नव्हतं. त्या बदल्यात तारा एकमेकींजवळ आल्या आणि उजव्या हाताच्या बोटांची अडचण झाली. वादकांनी हे वाद्य फारसं उचललं नाही. १९७० पर्यंत त्याचं उत्पादन थांबलं.

वादकाला उंच सूर हवेत अशी तक्रार फारशी नव्हतीच. त्याची अडचण खाली होती.

खर्जाकडे उतरलेली तार

आपल्याकडे गाणाऱ्याची पट्टी बदलणं रोजचं आहे. गायकाचा गळा बसला, की पट्टी एक-दोन सुरांनी उतरवली जाते. पेटीवाल्याला त्याचं काही नाही. चार तारांच्या बासवाल्याची मात्र पंचाईत होते. त्याचा सगळ्यात खालचा सूर ई. गाणं ई वरून डी वर आलं की खालचा आधारसूर संपला, मग तोच सूर एक सप्तक वर वाजवावा लागतो आणि गाण्याचा पाया उचलल्यासारखा वाटतो.

डबल बासवाल्यांनी यावर फार पूर्वीच तोड काढली होती. मोठ्या सिंफनी वाद्यवृंदांत खाली बी सुराची पाचवी तार लावलेले डबल बास होते. तीच कल्पना १९७०च्या दशकात इलेक्ट्रिक बासवर आली. १९७५ मध्ये कार्ल थॉम्पसन यांनी अँथनी जॅक्सन यांच्यासाठी खाली बी आणि वर सी अशा दोन्ही तारा असलेला सहा तारांचा बास बनवला. त्याच सुमारास जिमी जॉन्सन यांनी अलेम्बिक कंपनीच्या पाच तारांच्या बासवर खालची बी तार लावून घेतली. त्यांचे वडील मिनेसोटाच्या वाद्यवृंदात डबल बास वाजवत, त्यामुळे ही तार त्यांच्या घरातलीच म्हणायची. पुढे सिंथेसायझरचा खोल बास गाण्यांत आला आणि बासवाल्यांनाही तेवढं खाली उतरणं भाग पडलं. १९८७ मध्ये म्युझिक मॅनचा स्टिंगरे पाच तारांत आला आणि पाचवी तार सगळीकडे दिसू लागली.

म्युझिक मॅन हे नावही लिओ यांच्याच आयुष्यातलं. दहा वर्षांची अट संपल्यावर ते या नव्या कंपनीत उघडपणे आले. १९७६चा चार तारांचा स्टिंगरे बास त्यांच्याच हातचा, आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला. तिथे भागीदारांशी जमलं नाही. मग जुने सहकारी जॉर्ज फुलरटन यांच्याबरोबर त्यांनी जी अँड एल ही तिसरी कंपनी काढली. तेव्हा वयाची सत्तरी उलटली होती. १९७९ मध्ये एस्थर गेल्या, पुढच्या वर्षी त्यांनी फिलिस यांच्याशी दुसरं लग्न केलं. नंतर पार्किन्सनने हात थरथरू लागले, तरी रोज कारखान्यात जाणं चालूच होतं.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस जी अँड एलने एल-५००० हा पाच तारांचा बास काढला. यात पाचवी तार खाली होती, बी सुराची. २१ मार्च १९९१ रोजी, वयाच्या ८१व्या वर्षी लिओ फेंडर गेले. आदल्या दिवसापर्यंत ते कामावर होते. पुढच्या वर्षी रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्यांना मानाचं स्थान दिलं, गिटार न वाजवणाऱ्या माणसाला.

मग घ्यायचा कुठला?

बास व्ही आणि एल-५००० या दोन्हींवर तारा पाचच. एक अडगळीत गेला आणि दुसऱ्याची चाल आज जगभर रूढ झाली. तेव्हा तारा किती, हे विचारण्याआधी कुठला सूर कमी पडतोय ते विचारायला हवं.

खालची बी तार ई च्या खाली पाच नवे सूर देते. डी आणि सी सारख्या पट्ट्यांत, आणि गायकाप्रमाणे रोज पट्टी बदलणाऱ्या ऑर्केस्ट्रात त्यांचा खरा उपयोग होतो. दुसराही एक फायदा आहे. ई, एफ, जी हे खालचे सूर बी तारेवर मानेच्या मधल्या भागात मिळतात, हात टोकापर्यंत न्यावा लागत नाही.

त्याची किंमतही मोजावी लागते. मान रुंद होते, वजन वाढतं, आणि जी तार वाजवायची नाही ती हाताने दाबून गप्प ठेवण्याची सवय लावावी लागते. जाड बी तार ३४ इंचांत नीट ताणली जाण्यासाठी वाद्याची बांधणी चांगली लागते. स्वस्तातल्या पाच तारांच्या बासवर ही तार हमखास सैल आणि गढूळ वाजते. त्यातच खुली ई तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, तर बी फक्त ३१ वेळा. इतका खोल आवाज छोट्या स्पीकरमधून धड बाहेर पडत नाही. ऐकू येणार नसेल तर त्या तारेचे पैसे कशाला मोजायचे?

म्हणून नवशिक्याने, किंवा ज्याची गाणी ई च्या वरच फिरतात त्याने, त्याच पैशात चार तारांचा चांगला बास घेतलेला बरा. ज्याला रोज खाली उतरावं लागतं त्याने थोडं थांबून, पैसे साठवून, पाच तारांचा नीट बांधणीचा घ्यावा. दुकानात गेल्यावर बी तार खुली छेडून बघावी, मग तिच्या पाचव्या पडद्यावर ई वाजवून तो सूर खुल्या ई तारेशी ताडून बघावा. दोन्ही तितकेच स्वच्छ वाजले, तरच पाचव्या तारेचे पैसे द्यावेत.