न्या. बद्रुद्दीन तय्यबजी आणि समाजाची शाळा

मुंबई हायकोर्टातील पहिले हिंदी बॅरिस्टर म्हणून न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांचे नाव पुष्कळांना ठाऊक असते. १८९७ साली राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना जामीन देणारे न्यायाधीश तेच. त्यांच्या शाळेच्या कामाची माहिती मात्र आपल्या मुलांना फारशी नसते.

त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ चा. वडील तय्यब अली हे सुलेमानी बोहरा व्यापारी. इंग्रजी शिकले की मूल धर्मापासून दुरावते, असे मानण्याचा तो काळ. तरीही या बापाने मुलांना विलायतेस धाडले. बद्रुद्दीन आधी मदरशात उर्दू-फारसी शिकले, मग एल्फिन्स्टनमध्ये आणि १८६० साली इंग्लंडला गेले. डोळ्यांच्या विकाराने मध्येच परतावे लागले, पण ते पुन्हा गेले आणि १८६७ साली बॅरिस्टर झाले.

वकिली जोरात चालली. आपल्या घरात पैसा होता म्हणून आपण शिकलो. ज्या घरात तो नाही तेथील मुलाने काय करावे, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. सरकारी शाळा होत्या, पण त्यांत मुसलमान मुले तुरळक, कारण घरची भाषा व धर्मशिक्षण यांना तेथे जागा नाही अशी पालकांची तक्रार. ती तक्रार अगदीच खोटी नव्हती. म्हणून बंधू कमरुद्दीन, कोकणी समाजाचे नाखुदा महंमद अली रोघे इत्यादींसह त्यांनी १८७४ साली अंजुमन-इ-इस्लाम स्थापन केली. १८८० मध्ये बाबुला टँक भागात शाळा सुरू झाली. उर्दू-फारसी राहिली, जोडीला इंग्रजी आली. खाजगी शाळा असूनही सरकारी मदत घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. माझ्या मते हे त्यांचे खरे शहाणपण. १८९३ साली बोरीबंदरासमोर शाळेची भव्य इमारत उभी राहिली.

अलिगढचे सर सय्यद अहमद यांचेही काम याच जातीचे. काँग्रेसच्या प्रश्नावर मात्र दोघांचे तीव्र मतभेद झाले. तय्यबजी १८८७ साली मद्रास अधिवेशनाचे अध्यक्ष होते. शिक्षणाबाबत दोघांची दिशा एकच राहिली.

१८९५ साली ते न्यायाधीश झाले. १९०२ मध्ये त्यांनी काही काळ मुख्य न्यायाधीशाचे कामही पाहिले. १९ ऑगस्ट १९०६ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. मुलींच्या शिक्षणाला समाजात विरोध असताना त्यांनी स्वतःच्या मुलींना मुंबईत शाळेत घातले होते, आणि १९०४ साली दोघींना तर इंग्लंडमधील वसतिगृहाच्या शाळेत पाठविले होते.