ओसरीवरचा निसर्गशोधक : एडवर्ड एटकेन

पावसाळ्याची पहिली सर येऊन गेली, की आम्हा आदिलाबादकरांच्या ओसरीवरील दिव्याभोवती पतंगांची दाटी होते. पाली भिंतीवर टपून बसतात. हा देखावा आपण रोज पाहतो व विसरतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी असाच घराभोवतीचा पसारा टिपून ठेवणारा एक सरकारी अधिकारी होऊन गेला, त्याची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

एडवर्ड हॅमिल्टन एटकेन ह्यांचा जन्म १६ ऑगस्ट १८५१ रोजी साताऱ्यास झाला. वडील स्कॉटिश मिशनरी होते व मुलाचे शिक्षण त्यांनीच केले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काही वर्षे लॅटिन शिकवून एटकेन १८७६ मध्ये मुंबई इलाख्याच्या जकात व मीठ खात्यात शिरले. मिठावरील कर गरिबास जाचक होता, हे येथे सांगितलेच पाहिजे. परंतु त्या नोकरीने त्यांना खाराघोडा, उरण, रत्नागिरी, कारवार असे फिरविले, आणि जेथे मुक्काम तेथील बंगला हीच त्यांची प्रयोगशाळा झाली. पाली, मुंग्या, वाळवी, बेडूक, वटवाघळे ह्या बंगल्यातल्या बिनभाड्याच्या बिऱ्हाडकरूंवर त्यांनी ‘एहा’ ह्या नावाने विनोदी ग्रंथ लिहिला. नोकरचाकरांविषयी लिहिताना मात्र त्यांची दृष्टी साहेबाचीच राहिली, असे आम्हांस वाटते.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ गृहस्थांनी निसर्ग इतिहास संस्था स्थापिली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते. एटकेन संस्थेचे पहिले चिटणीस झाले.

कारवारास असताना डेव्हिडसन व बेल ह्या स्नेह्यांसह त्यांनी फुलपाखरांचे सुरवंट पाळण्याचा उद्योग मांडला. सुरवंट कोणत्या झाडावर सापडला हे नोंदवावयाचे, त्याच झाडाचा ताजा पाला त्यास घालावयाचा, कात टाकणे पाहावयाचे आणि कोश फुटेपर्यंत थांबावयाचे. असे केल्यावाचून कोणता सुरवंट कोणत्या फुलपाखराचा, हे खात्रीने कळत नाही. पतंगांनाही हीच रीत लागू आहे. पूर्वीच्या अखंड आदिलाबाद जिल्ह्यातील चेन्नूरकडे ऐन-अर्जुनाच्या पानांवर टसराचे किडे वाढविणारे लोक ती केव्हापासून जाणतात! आज आमच्यापैकी पुष्कळांच्या घरी मोबाइलचा कॅमेरा आहे. बसलेल्या पतंगाचे छायाचित्र क्षणात निघते. पण त्याचा सुरवंट काय खातो हे त्या चित्रात येत नाही.

आमच्याच तेलंगणातील सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस ह्यांनी १८९७ मध्ये डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले होते. गोव्याच्या सरहद्दीवरील जकातनाक्यांवर ह्याच तापाने शिपाई अंथरुणास खिळत. १९०२ मध्ये चौकशीसाठी एटकेन ह्यांनाच धाडण्यात आले. त्या फेरीत त्यांस डासाची एक अज्ञात जात सापडली व तिला त्यांचेच नाव मिळाले. गंमत अशी, की जंगलातील ओढ्यांत वाढणारा हा डास हिवतापाचा मोठा प्रसारक नव्हे.

पुढे कराचीस जकातीचे मुख्याधिकारी म्हणून व नंतर सिंधच्या गॅझेटियरवर काम करून ते १९०६ मध्ये निवृत्त झाले आणि एडिंबरोस गेले. १९०९ च्या एप्रिलात तेथेच त्यांचे निधन झाले.