सायक्लोन या शब्दाचे जनक : हेन्री पिडिंग्टन

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आपल्या गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा ठिकठिकाणी झाडे कोसळली, वीज गेली. त्या दिवसांत आम्हा सर्वांच्या तोंडी सायक्लोन हा एकच शब्द होता. हा शब्द घडला आपल्याच देशात, कोलकात्याला, आणि तो घडवला एका निवृत्त जहाजी कप्तानाने, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल.

हेन्री पिडिंग्टन यांचा जन्म १७९७ सालचा, इंग्लंडातील ससेक्स परगण्यातला. वडीलही कप्तानच. तरुणपण व्यापारी जहाजांवर घालवून १८३० च्या सुमारास ते कोलकात्यात स्थायिक झाले. तेथे त्यांनी संग्रहालयाचे काम पाहिले, पुढे सागरी अपघातांच्या चौकशी न्यायालयाचे अध्यक्षपदही सांभाळले. पण १८३८ साली रीड या इंग्रज अधिकाऱ्याचे वादळांवरील पुस्तक निघाले आणि पिडिंग्टन यांना वादळांचा ध्यास लागला, तो जन्मभर सुटला नाही.

भर समुद्रात वारा मोजायला जाणार कोण? पिडिंग्टन यांनी जी युक्ती काढली ती निव्वळ दप्तरी, म्हणूनच आम्हा सरकारी नोकरांना ती विशेष भावते. वादळातून वाचून आलेल्या जहाजांच्या रोजवह्या ते मिळवीत. एकाच दिवशी कोणत्या जहाजाला कुठून वारा लागला, ते नकाशावर बाणांनी मांडीत. एकाला पूर्वेचा, दुसऱ्याला पश्चिमेचा; सारे बाण मांडले की वर्तुळ दिसे. १८४५ साली मॉरिशसजवळ चार्ल्स हेडल नावाचे जहाज वाऱ्यापुढे पाच दिवस धावत राहिले आणि वादळाच्या मध्याभोवती घाण्याच्या बैलासारखे फिरत राहिले. याहून मोठा पुरावा कोणता हवा?

१८४८ साली त्यांनी नाविकांसाठी पुस्तक लिहिले. सापाच्या वेटोळ्याचा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दावरून सायक्लोन हे नाव त्यात सुचवले. सोबत शिंगाच्या पातळ, पारदर्शक अशा दोन चकत्या होत्या, उत्तर आणि दक्षिण गोलार्धासाठी एकेक. चकती नकाशावर ठेवायची, आपल्याला लागणारा वारा तिच्यावरच्या बाणाशी जुळवायचा, की वादळाचा मध्य कुठे आहे ते कळे आणि जहाज तिथून दूर नेता येई.

आज हेच काम आकाशातून चालते. इस्रोच्या ओशनसॅट-२ (२००९), स्कॅटसॅट-१ (२०१६) आणि ओशनसॅट-३ (२०२२) या उपग्रहांवर स्कॅटरोमीटर नावाचे रडार बसवले गेले. ते समुद्राकडे लहरी सोडते. वाऱ्याने पाण्यावर बारीक तरंग उठतात, त्यांवरून परत येणाऱ्या लहरींच्या जोरावरून वाऱ्याचा वेग कळतो आणि वेगवेगळ्या बाजूंनी पाहिल्याने दिशा. ढग नि रात्र आड येत नाहीत. नकाशावर उमटतात ते पुन्हा बाणच!

पण मध्य सापडला तरी ऐकणारा हवा. हुगळी नदी गाळाने भरेल या भीतीने सरकारने सुंदरबनात मातला नदीवर नवे बंदर बांधायचे ठरवले. १८५३ साली पिडिंग्टन यांनी गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांना जाहीर पत्र लिहून सावध केले, की एके दिवशी वादळाच्या लाटेने हे सारे खाऱ्या पाण्याखाली जाईल. ही हवेतली भीती नव्हती. १७८९ साली आंध्र किनाऱ्यावरचे कोरिंगा अशाच लाटांनी बुडाले होते, त्याची हकीकत त्यांनी स्वतः नोंदवून ठेवली होती. साहेबांनी लक्ष दिले नाही. ज्यांना फायलींचा अनुभव आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही.

पिडिंग्टन १८५८ साली कोलकात्यातच वारले. पोर्ट कॅनिंग उभे राहिले, रेल्वेही तिथवर गेली. १ नोव्हेंबर १८६७ रोजी वादळ आले. लाट सहा फुटांच्या आसपासच होती, तरी तेवढ्याने बंदराची धूळधाण झाली आणि पाचेक वर्षांत सरकारने ते सोडून दिले.