कै. दादासाहेब खापर्डे : एक भरलेले घर

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा मी अमरावतीचे वकील कै. गणेश श्रीकृष्ण उर्फ दादासाहेब खापर्डे यांचे नाव दिले. नागपुरात एवढे नामांकित वकील होऊन गेले असता अमरावतीपर्यंत कशाला जायचे, असे एका भगिनीने विचारलेच. दादासाहेबांचे वडील सरकारी नोकरीत होते आणि त्या निमित्ताने दादासाहेबांच्या बालपणाचा काही काळ आपल्या नागपुरात गेला, हे एक उत्तर झाले. खरे कारण निराळे आहे. मी महालातल्या एका वकिलाच्या घरी सून म्हणून आले. मामंजींचा पक्षकारांपेक्षा सभा-संस्थांतच वेळ अधिक जाई, आणि स्वयंपाकघरात वार लावून जेवणारे पाच विद्यार्थी असत. घरातला कर्ता पुरुष लोकांचा झाला म्हणजे चूल कशी पेटते, हे मी सासूबाईंच्या मागे उभी राहून पाहिले आहे. त्यामुळे दादासाहेबांविषयी वाचताना माझे लक्ष त्यांच्या व्याख्यानांपेक्षा त्यांच्या घराकडे जास्त जाते.

दादासाहेबांचा जन्म २७ ऑगस्ट १८५४ रोजी वऱ्हाडातील इंगरोली येथे झाला. वडील श्रीकृष्णपंत गरिबीतून वर आलेले होते. मुलाला संस्कृताचे विलक्षण वेड. बाणभट्ट आणि भवभूती यांत तो रमून जाई. गणिताशी मात्र त्याचे कधी जमले नाही. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते पदवीधर झाले आणि १८८४ साली एल्एल.बी. झाले. काही वर्षे त्यांनी वऱ्हाडात मुन्सफाची व असिस्टंट कमिशनरची सरकारी नोकरी केली. पण ती सोडून १८९० च्या सुमारास त्यांनी अमरावतीस वकिली थाटली. ती अशी चालली की पैसा हजारोंनी येऊ लागला. राहणी ऐटीची, बोलणे खुसखुशीत, नाटकांचा शौक, पाहुण्यांना दार सदा उघडे. लोक त्यांना वऱ्हाडचे नबाब म्हणत.

या नबाबीचा भार ज्यांनी उचलला त्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. त्या घरात पन्नासेक माणसांचा राबता होता. नातलग, आश्रित, शिकायला आलेली गरीब मुले, आणि शिवाय रोजचे पाहुणे. स्वतःची मुले आणि परकी मुले यांच्या ताटात वा कपड्यांत लक्ष्मीबाईंनी फरक केला नाही, असे सांगतात. ज्या भगिनींनी मोठे एकत्र कुटुंब सांभाळले आहे, त्यांना हे वाक्य किती जड आहे ते कळेल. दूध कमी आले म्हणजे कोणाच्या वाटीत पाणी घालावे, हा प्रश्न रोज सकाळी उभा राहतो. गणित न जमणाऱ्या यजमानांच्या घरचे हे त्रैराशिक त्याच सोडवीत असणार, असे माझे मन सांगते.

१८९७ साली अमरावतीस राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले. स्वागताध्यक्ष दादासाहेब होते. लोकमान्य टिळक त्या वेळी तुरुंगात होते. टिळकांशी दादासाहेबांचा स्नेह पुढे असा घट्ट झाला की वकिली, घर, पैसा सारे त्याच्या मागे पडले. १९०७ चे अधिवेशन आपल्या नागपुरास व्हायचे होते. येथल्या मवाळ-जहाल वादामुळे ते सुरतेस गेले आणि तेथे मोडले. त्या धामधुमीतही दादासाहेब टिळकांच्या बाजूला होते.

२२ जुलै १९०८ रोजी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. पुढच्याच महिन्यात दादासाहेब विलायतेला निघाले. प्रिव्ही कौन्सिलात अपील करावे आणि पार्लमेंटच्या सभासदांपर्यंत गाऱ्हाणे पोहोचवावे, हा हेतू. ते दोन वर्षांहून अधिक काळ परत आले नाहीत. अपिलात यश आले नाही. परतताना ते ब्रह्मदेशावरून आले आणि १९१० च्या ऑक्टोबरात मंडालेच्या तुरुंगात मित्राला भेटले. आता दोन वर्षे वकील नसलेल्या वकिलाच्या घराचा विचार करा. पक्षकार काही वाट पाहत थांबत नाहीत; ते दुसऱ्या दारी जातात. पंगत मात्र तेवढीच राहते.

घरी आल्यावर महिनाभरातच, ५ डिसेंबर १९१० रोजी, दादासाहेब प्रथम शिर्डीस साईबाबांच्या दर्शनाला गेले. दुसऱ्या खेपेस ६ डिसेंबर १९११ ला गेले ते १५ मार्च १९१२ पर्यंत राहिले. या वेळी लक्ष्मीबाई व मुलगा बळवंत सोबत होते. परत जाण्याची परवानगी मागितली की बाबा ती लांबणीवर टाकीत. या मुक्कामातली दादासाहेबांची रोजनिशी छापून निघाली आहे आणि ती मी दोनदा वाचली. पहाटेची काकड आरती, पंचदशीचे वाचन, कोण आले, कोण गेले. आपल्या नागपूरचे धनिक गोपाळराव बुटी तिथे त्यांच्या बैठकीत असत. त्यांच्याच वाड्यात आज बाबांची समाधी आहे. सभा गाजविणारे दादासाहेब बाबांपुढे मात्र तोंड उघडीत नसत, असे साईसच्चरित्रात लिहिले आहे.

त्याच ग्रंथात बळवंताच्या आजाराची हकीकत आहे. मुलाला ताप आला, प्लेगच्या गाठी उठल्या. लक्ष्मीबाई भेदरल्या आणि अमरावतीस परत जाऊ म्हणून बाबांना विचारायला गेल्या. बाबांनी कफनी वर करून आपल्या अंगावरच्या गाठी दाखविल्या, आणि मूल बरे झाले. याला चमत्कार म्हणावे की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. मला त्या जागी दिसते ती परगावी तापलेले मूल मांडीवर घेतलेली आई. त्या रोज नैवेद्य घेऊन मशिदीत जात व बाबांनी तो घेईपर्यंत स्वतः अन्न घेत नसत. पतिराज परतले तरी त्या मागे राहिल्या. सारे मिळून सात महिने राहिल्या, असे ग्रंथ सांगतो. आयुष्यात एवढे दिवस पन्नास ताटांपासून दूर राहण्याचा त्यांचा हा बहुधा एकच प्रसंग असेल.

१९२० च्या ऑगस्टात टिळक गेले. डिसेंबरात नागपुरास राष्ट्रसभा भरली आणि वकिलांनी कोर्टे सोडावी, कौन्सिलांवर बहिष्कार घालावा, असे ठरले. दादासाहेबांना तो मार्ग पटला नाही. ते कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये गेले आणि लोकांच्या मनातून उतरले. मित्रासाठी ज्यांनी आपली चालती वकिली बुडू दिली होती, त्यांनाच आता वकिली न सोडणाऱ्यांचा कैवारी ठरविले गेले. मला हा न्याय वाटत नाही. मात्र असहकाराची ताकद त्यांना ओळखता आली नाही, हेही तितकेच खरे.

लक्ष्मीबाई त्यांच्या आधी गेल्या. १ जुलै १९३८ रोजी दादासाहेबांनी देह ठेवला. त्यांच्या अनेक वर्षांच्या रोजनिश्या दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. मुलगा बाळकृष्ण यांनी लिहिलेले वडिलांचे चरित्रही १९६२ साली प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाईंची रोजनिशी असल्याचे माझ्या वाचनात आले नाही. आपल्यापैकी कोणाच्या आजीने वा पणजीने अमरावतीच्या त्या घरी पाहुणचार घेतल्याची आठवण सांगितली असेल, तर ती भगिनींनी मंडळाच्या पत्त्यावर जरूर लिहून पाठवावी. पुढील वर्षीच्या अंकात मी ती लक्ष्मीबाईंच्या नावाने छापून घेईन.