निर्मळ पाण्याची मोजदाद

पाणी पिण्याजोगे आहे की नाही हे ठरविण्यासाठी मनुष्यजात हजारो वर्षे डोळे, नाक आणि जीभ या तीन साक्षीदारांवर विसंबून राहिली. पाणी गढूळ नसेल, त्याला वास येत नसेल आणि चव बिघडलेली नसेल, तर ते निर्मळ, असा साधा हिशेब होता. वाहते पाणी काही कोसांच्या प्रवासात आपोआप शुद्ध होते, ही त्याची जोडसमजूत. एकोणिसाव्या शतकात नद्यांच्या काठी गिरण्या उभ्या राहिल्या, त्यांच्यासाठी कालवे खोदले गेले आणि लाखांच्या वस्तीची घाण त्याच पाण्यात जाऊ लागली, तेव्हा हा हिशेब चुकू लागला. तो नव्याने मांडण्यासाठी ज्या थोड्या व्यक्तींनी आयुष्य वेचले, त्यांत अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या एलन स्वॅलो रिचर्ड्स यांचे स्थान फार वरचे आहे. त्यांच्या कार्यात चमत्कृती नाही. बाटल्या, काचेच्या नळ्या, तक्ते आणि महिन्यामागून महिने न चुकता ठेवलेल्या नोंदी, एवढीच त्याची सामग्री. परंतु सार्वजनिक आरोग्याची इमारत बहुधा अशाच सामग्रीवर उभी राहते.

एलन यांचा जन्म ३ डिसेंबर १८४२ रोजी डन्स्टेबल या खेड्यात झाला. आईवडील दोघेही शिक्षकी पेशाचे. वडील शेती करीत आणि पुढे त्यांनी दुकानही चालविले. ही एकुलती एक मुलगी प्रारंभी घरीच शिकली. १८५९ मध्ये कुटुंब जवळच्या वेस्टफर्ड गावी राहावयास गेले आणि तेथील शाळेत तिचे पुढील शिक्षण झाले. त्यानंतरची काही वर्षे शिकविण्यात, आजारी आईच्या शुश्रूषेत, दुकानाच्या कामात आणि मिळेल ती मजुरी करून पैसा जमविण्यात गेली. मुलींसाठी उच्च शिक्षणाची दारे त्या काळी क्वचितच उघडत. १८६८ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, सुमारे ३०० डॉलरची पुंजी घेऊन त्यांनी न्यूयॉर्क राज्यातील वासार कॉलेजमध्ये प्रवेश मिळविला. तेथे मारिया मिचेल या विख्यात खगोलशास्त्रज्ञ विदुषीचा त्यांना सहवास लाभला. आकाशाचे निरीक्षण रात्रीमागून रात्री कसे करावे आणि त्याची नोंद किती काटेकोर असावी, याचा धडा मिचेलबाईंच्या विद्यार्थिनींना मिळत असे. परंतु एलन यांचा ओढा रसायनशास्त्राकडे होता. रसायनशास्त्राने रोजच्या जीवनातील प्रश्न सोडविले पाहिजेत, हा त्या विषयाच्या प्राध्यापकांचा आग्रह त्यांच्या मनात कायमचा रुजला.

१८७० मध्ये पदवी मिळाली, पण रसायनज्ञ म्हणून कोणी नोकरी देईना. अखेरीस बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या नव्या संस्थेकडे त्यांनी अर्ज केला. तोपर्यंत तेथे एकाही स्त्रीने पाऊल टाकलेले नव्हते. त्यांना विशेष विद्यार्थिनी म्हणून, तेही विनाशुल्क, प्रवेश देण्यात आला. आपली गरिबी पाहून संस्थेने उदारपणा दाखविला, असे त्यांना वाटले. खरा प्रकार त्यांना मागाहून कळला. कोणी विश्वस्ताने वा विद्यार्थ्याने आक्षेप घेतलाच, तर ही बाई आमची विद्यार्थिनी नव्हे, असे सांगता यावे म्हणून त्यांचे नाव शुल्क भरणाऱ्यांच्या यादीत येऊ दिलेले नव्हते. पुढे पाण्याच्या एकेका नमुन्याची नोंद प्राणापलीकडे जपणाऱ्या या बाईंच्या स्वतःच्या विद्यार्थिदशेची सुरुवात नोंदीबाहेर राहूनच झाली! तरीही १८७३ मध्ये त्यांनी पदवी मिळविली. या संस्थेची पदवी मिळविणारी ही पहिली स्त्री. डॉक्टरेटसाठी त्यांनी पुढेही अभ्यास केला, परंतु संस्थेने ती दिली नाही.

याच काळात पाण्याशी त्यांचा संबंध जडला. मॅसॅच्युसेट्समध्ये १८६९ साली राज्य आरोग्य मंडळ स्थापन झाले होते. मंडळासाठी पाण्याची तपासणी करण्याचे काम प्राध्यापक विल्यम निकल्स यांच्याकडे आले आणि त्यांनी या नव्या विद्यार्थिनीला हाताशी घेतले. तिचा हात इतका नेमका आणि चिकाटी इतकी जबर होती की प्रयोगशाळेचा भार हळूहळू तिच्यावरच पडला. १८७५ मध्ये खाणशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट रिचर्ड्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढल्याच वर्षी स्त्रियांसाठी स्वतंत्र प्रयोगशाळा उघडण्यात आली, आणि तेथे त्यांनी वेतन न घेता शिकविले. उलट पदरचे पैसे घातले. स्त्रियांना संस्थेत रीतसर प्रवेश मिळू लागल्यावर १८८३ मध्ये ही प्रयोगशाळा बंद झाली. जे काम करण्यासाठी ती निघाली होती, ते पुरे झाले होते. १८८४ मध्ये रिचर्ड्सबाईंची आरोग्यविषयक रसायनशास्त्राच्या शिक्षिका म्हणून नेमणूक झाली. त्या पदावर त्या अखेरपर्यंत राहिल्या. प्राध्यापकपद त्यांना कधीच मिळाले नाही.

मॅसॅच्युसेट्सची त्या वेळची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. मेरिमॅक ही तेथील मोठी नदी. तिच्या काठचे लोवेल आणि त्याच्या खाली सुमारे ९ मैलांवरचे लॉरेन्स ही दोन्ही शहरे कापड गिरण्यांची. नदीला बांध घालून पाणी कालव्यांत वळवायचे, त्याच्या जोरावर गिरण्यांची चाके फिरवायची आणि तेच पाणी पुन्हा नदीत सोडायचे, अशी ही व्यवस्था होती. लोकर धुतलेले व रंगकामाचे पाणी नदीत जाई, शहरांचा मैलाही नदीत जाई, आणि पिण्याचे पाणीही याच नदीतून उचलले जाई. वरच्या गावाचे सांडपाणी ते खालच्या गावाचे पेय, अशी ही साखळी होती. १८८६ मध्ये राज्याने अंतर्गत जलाशयांच्या शुद्धतेचे रक्षण करणारा कायदा केला आणि आरोग्य मंडळावर त्याची जबाबदारी टाकली. पण पाणी किती बिघडले आहे हे ठाऊक असल्याखेरीज रक्षण कशापासून करावयाचे? कायद्याला आधार हवा होता तो आकड्यांचा.

त्यातून १८८७ मध्ये साऱ्या राज्याच्या पाण्याची पाहणी सुरू झाली. प्रमुख होते प्राध्यापक थॉमस ड्राऊन. प्रयोगशाळेची प्रत्यक्ष सूत्रे रिचर्ड्सबाईंच्या हाती होती. एखाद्या गावात साथ आली की विहिरीचे पाणी तपासावे, ही तोवरची रीत. येथे साथीची वाट न पाहता नद्या, तळी आणि शहरांचे पाणीपुरवठे यांचे नमुने महिन्याच्या महिन्याला गोळा होऊ लागले. ते हजारांच्या संख्येने प्रयोगशाळेत येत. पाणी बाटलीत ठेवले तरी आतल्या आत बदलत असते. म्हणून नमुना आला की त्याची तपासणी विनाविलंब झाली पाहिजे. बाटली कशी धुवावी, तिच्यावर काय लिहावे, कोणती कसोटी आधी लावावी, या प्रत्येक गोष्टीला शिस्त लावण्यात आली. एका जागी एकदाच घेतलेला नमुना काही सांगत नाही. त्याच जागी पुन्हा पुन्हा घेतलेले नमुने पाण्याचे चरित्र सांगतात, हे या पाहणीमागचे सूत्र होते.

ते चरित्र वाचण्याची रीतही समजून घेण्यासारखी आहे. घाणीतील सेंद्रिय द्रव्ये कुजतात तेव्हा त्यांतील नायट्रोजन एकामागून एक रूपे घेतो. प्रथम अमोनिया, मग नायट्राइट आणि अखेरीस नायट्रेट. पाण्यात अमोनिया अधिक आढळला तर घाण ताजी आणि जवळची. नायट्राइट असेल तर कुजण्याची क्रिया चालू. केवळ नायट्रेट असेल तर घाण जुनी व बरीचशी जिरलेली. अमोनिया ओळखण्यासाठी पाण्यातून तो ऊर्ध्वपातनाने वेगळा काढून त्यात विशिष्ट द्रावण मिसळीत. त्याने पिवळा रंग येई आणि त्याची छटा ठराविक प्रमाणाच्या नळ्यांशी ताडून पाहावी लागे. दिवसभर अशा छटा पारखीत बसणे हे डोळ्यांची आणि मनाची कसोटी पाहणारे काम होते.

परंतु या पाहणीचे सर्वांत मोलाचे फळ मिठाने दिले. माणूस अन्नातून मीठ खातो आणि ते मूत्रावाटे सांडपाण्यात जाते. सांडपाणी जमिनीत मुरताना माती बरीच घाण अडवून ठेवते, पण मिठातील क्लोराइड मात्र अडत नाही. ते पुढे जातच राहते. म्हणजे क्लोराइड हा मानवी वस्तीचा न पुसता येणारा ठसा. अडचण एवढीच की, वाऱ्याबरोबर येणाऱ्या समुद्राच्या तुषारांमुळे निसर्गतः निर्दोष पाण्यातही क्लोराइड असते. किनाऱ्यालगत अधिक, आत जावे तसे कमी. मग अमुक आकडा निर्दोष की सदोष, हे कसे ठरवायचे? वस्तीचा उपद्रव नसलेल्या पाण्याचे आकडे राज्याच्या नकाशावर मांडले, तेव्हा समुद्रापासूनच्या अंतरानुसार पसरलेल्या सुरेख रेषा दिसू लागल्या. स्वाभाविक क्लोराइडचा हा नकाशा. समुद्रात शिरलेल्या केप कॉडच्या भूशिरावर जो आकडा निरुपद्रवी, तोच पश्चिमेकडील डोंगराळ भागात धोक्याची सूचना! कोणत्याही ठिकाणचा आकडा त्या रेषेहून जास्त भरला, की तेथे माणसाची घाण पोहोचली आहे असे समजावे. दूषित काय हे ठरविण्यापूर्वी त्या ठिकाणचे निर्मळ काय हे मोजून ठेवले पाहिजे, हा या नकाशाचा धडा जगभर स्वीकारला गेला.

तथापि, रसायनशास्त्रालाही मर्यादा होती आणि ती मेरिमॅकच्या काठीच उघड झाली. एवढ्या मोठ्या नदीत मैला इतका विरळ होई की रासायनिक आकडे फारसे भयावह दिसत नसत. १८९०-९१ मध्ये लोवेलमध्ये विषमज्वराने थैमान घातले आणि पाठोपाठ लॉरेन्समध्येही. रिचर्ड्सबाईंचे सहकारी, जीवशास्त्रज्ञ विल्यम सेजविक यांनी माग काढीत नेला तो स्टोनी ब्रूक या ओढ्यापर्यंत. वेस्टफर्डकडून येणारा हा ओढा लोवेलच्या वरच्या अंगाला नदीला मिळतो. ज्या परिसरात एलन यांचे तारुण्य गेले, तेथल्याच पाण्याने ही साथ आणली होती. क्षार आणि अमोनिया मोजणाऱ्या नळ्यांच्या जोडीला जंतू मोजणाऱ्या बशा असल्याच पाहिजेत, हे यातून सिद्ध झाले.

लॉरेन्स येथे आरोग्य मंडळाने १८८७ मध्येच प्रयोगकेंद्र उघडले होते. तेथील प्रयोगांच्या आधारे शहरासाठी वाळूचे मोठे गाळणे बांधण्यात आले आणि १८९३ मध्ये ते सुरू झाले. विषमज्वराचे मृत्यू झपाट्याने खाली आले, पण थांबले मात्र नाहीत. उरलेल्या मृत्यूंची चौकशी केली, तेव्हा त्यांत गिरणीकामगारांची संख्या लक्षणीय असल्याचे दिसले. शहराच्या नळाला गाळलेले पाणी येत होते; परंतु कामाच्या घाईत हे कामगार गिरणीजवळचे कालव्याचे पाणी पीत होते. ते हाताशी होते, थंड होते आणि डोळ्यांना स्वच्छ दिसत होते. नळाच्या पाण्याची काळजी शहराने घेतली. कालव्याचे पाणी कोणी पीत असेल, हे कोणाच्या हिशेबातच नव्हते. जे पाणी नोंदवहीत नाही, त्याचे बळीही बहुधा नोंदवहीत नसलेले लोकच असतात.

रिचर्ड्सबाईंच्या कार्याचा विस्तार पुढे वाढत गेला. अन्नातील भेसळ, घरातील हवा, स्वयंपाकघराचे शास्त्र, शाळकरी मुलांचा आहार असे अनेक विषय त्यांनी हाती घेतले. गृहशास्त्राच्या अमेरिकन संघटनेच्या त्या पहिल्या अध्यक्षा. पाणी, हवा आणि अन्न यांच्या आरोग्यदृष्ट्या तपासणीवरील त्यांचे सहलेखकासमवेतचे पुस्तक १९०० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या हाताखाली शिकलेले तरुण गावोगावी पाणीपुरवठ्याचे अभियंते व रसायनज्ञ म्हणून गेले. तपासणीची ती शिस्त त्यांच्याबरोबर गेली, आणि कदाचित हेच त्यांचे सर्वांत टिकाऊ स्मारक होय. १९१० मध्ये स्मिथ कॉलेजने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. ३० मार्च १९११ रोजी, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आज त्याच कसोट्या यंत्रे क्षणार्धात लावतात आणि नदीत किंवा कालव्यात बसविलेली उपकरणे अहोरात्र आकडे पाठवू शकतात. परंतु यंत्र आकडा देते. तो कशाशी ताडून पाहायचा हे ते सांगत नाही. आणि उपकरण कोठे बसवायचे, कोणाचे पाणी मोजायचे, हे तर माणसालाच ठरवावे लागते. साथ आल्यावर नमुने गोळा करणे याला धावाधाव म्हणतात. साथ नसताना, कोणी विचारीत नसताना, ठरल्या दिवशी ठरल्या जागची बाटली भरून आणणे याला राखण म्हणतात. एका स्त्रीने पद, वेतन वा मान यांची पर्वा न करता ही राखण चाळीस वर्षे केली. नळाचे पाणी निर्धास्तपणे पिणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तिचे नाव ठाऊक आहे. परंतु ज्या कालव्याच्या काठी अजून कोणी बाटली घेऊन पोहोचलेले नाही, तेथे ओंजळ भरणाऱ्या माणसाला मात्र तिची उणीव रोज भासत असते. त्याला ती कळत नाही, एवढेच.